आईच्या चालीने : चोडण आणि खोतीगाव

पहिला दिवस : करमळीचं तळं

आईचे दोन्ही गुडघे बदलून दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, चढायला नाही. त्यामुळे यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याला जायचं ठरलं तेव्हा मी सपाट वाटा शोधल्या. किनारे नकोत, कारण वाळूत तिचा पाय रुततो. पक्षी मात्र हवेत, तिला आणि मलाही. तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं मये. रानाची ओळख मला तिच्याकडून झाली, आणि तिला तिच्या आजीकडून.

रत्नागिरीहून निघून दुपारी करमळीला उतरलो. मामा गाडी घेऊन आला होता. स्टेशनजवळच करमळीचं तळं आहे, रुळांवरूनच दिसतं. पूर्वी शेतीच्या पाण्यासाठी केलेला हा साठा हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी भरतो. बांधावर गाडी थांबवून तासभर उभे राहिलो. अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं, होत्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी होते, आणि गवताच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या. मध्यावर तलवार बदकांचा एक लहान थवा होता. हिमालयापलीकडून, उत्तर आशियातून हिवाळ्यापुरती येणारी ही बदकं. त्यांच्या शेपटीची अणी दुर्बिणीतून आईला लगेच दिसली. चष्मा लावणाऱ्यांनी दुर्बिणीच्या रबरी कडा मागे दुमडून घ्याव्यात. मग चष्मा काढावा लागत नाही आणि चित्रही पूर्ण दिसतं. हे मला फार उशिरा कळलं, तोवर आई अर्धंच वर्तुळ पाहत होती.

थोड्या अडया उडाल्या आणि शीळ घालत डोक्यावरून गेल्या. आईने मान वर केली ती मी बोट दाखवल्यावर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आईला ऐकू कमी येतं, पण सरसकट कमी नाही. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. तिच्या तपासणीचा आलेख मी पाहिलाय. डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे, रेघ जवळजवळ सरळ आहे आणि उजवीकडे उतारावरून घसरावी तशी खाली येते. म्हणून मोटारीचं इंजिन, पुरुषांचं बोलणं तिला नीट कळतं आणि नातवंडांचं बोलणं कळत नाही. रानात याचा अर्थ असा, की शिंजीर, फुलटोच्या, वटवट्या हे सगळे लहान चोचींचे पक्षी तिच्यापुरते गप्प झालेत. कानातलं यंत्र आहे, पण वाऱ्यात ते घुरघुरतं म्हणून ती बाहेर काढून ठेवते. हीच बाई मयेच्या अंगणात वाटण वाटताना, मान वर न करता, कुठला पक्षी कुठल्या झाडावर आहे ते मला सांगायची.

रात्री मामाकडे जेवताना मी विचारलं, उद्या चोडणला किती वाजता जायचं? मामा म्हणाला, "उद्या तृतीया. तिथीची पाऊणपट करायची. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तास ओहोटी. आठला तिथे पोचा." फोनवर भरतीचं वेळापत्रक पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघाला, तोही खाडीत पाणी आत शिरायला लागणाऱ्या वेळेचा असावा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते आणि तिथीही रोज एकाने वाढते, म्हणून हे गणित जुळतं. आई हसून म्हणाली, "आमचे बाबा शिंपल्यांना जायचे ते हेच मोजून."

दुसरा दिवस : चोडण

मयेहून चोडणला आता पूल ओलांडून गाडीने जाता येतं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मांडवीच्या काठी फेरीबोटीचा धक्का आहे, समोर रायबंदर. आई शाळेत असताना पणजीला जायचं म्हणजे हाच रस्ता होता. मयेहून चोडण, चोडणहून फेरी, रायबंदरहून पुढे पाण्याच्या कडेने तो लांब फरसबंद रस्ता. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा तीनेक किलोमीटरचा बांध अजून वाहतुकीखाली आहे. आई धक्क्यावर थोडा वेळ उभी राहिली. फेरी आली, दुचाक्या उतरल्या, दुचाक्या चढल्या. तिने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

धक्क्यापासून काही पावलांवर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक आहे. क्षेत्र फक्त १.७८ चौरस किलोमीटर, आणि ते जवळजवळ सगळं खारफुटीचं. सलीम अली १९८७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हे अभयारण्य झालं. आत खारफुटीमधून एक बांधलेली वाट जाते. सपाट, सावलीची. आईसारख्या माणसाला याहून चांगली वाट मिळणं अवघड. फक्त शेवाळ धरलेल्या जागी काठी हवी. भरतीच्या वेळी आलात तर होडीने ओहोळातून फिरता येतं आणि ओहोटीला आलात तर चिखल पाहता येतो. मी दोन्ही केलंय आणि माझं मत चिखलाच्या बाजूने आहे.

कारण चिखल जिवंत असतो. तिवराची श्वसनमुळं पेन्सिली उलट्या रोवल्यासारखी वर आलेली असतात. खारट, घट्ट चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात. त्या मुळांमधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर चालणारा, डोक्यावर डोळे असलेला हा जीव. लहान खेकड्यांचे नर आपला एकच मोठा आकडा वर-खाली हलवत होते, सगळे एका दिशेला तोंड करून. कांदळाच्या फांदीवरून हिरव्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. आई म्हणाली, "शेंगा नव्हेत त्या. रोपं आहेत. झाडावरच उगवतात आणि मग खाली पडून रुततात." मला हे पुस्तकातून माहीत होतं. तिला ते चौथीत असल्यापासून माहीत होतं, कारण ती रोपं भाले म्हणून एकमेकांना मारायचा खेळ होता.

पक्ष्यांचं म्हणाल तर चोडणला ते मोजून मिळतात, पण जवळून मिळतात. एक समुद्री बगळा, राखाडी रंगाचा, पंख अर्धे उघडून पाण्यावर सावली धरत धावत होता. पाणकावळे पंख वाळवत बसलेले. पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या इथे दिसतो हे मी वाचलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर हा पक्षी मोजक्याच ठिकाणी नियमित दिसतो आणि खारफुटी सोडून फारसा जात नाही. वीस मिनिटं काहीच नाही. मग निळ्या-पांढऱ्याचा एक तुकडा वाटेपासून दहा हातांवर बसला, खाली झेपावला आणि आकडा धरलेला खेकडा घेऊन परत आला. खेकडा त्याने फांदीवर आपटला. एकदा, दोनदा, सहा-सात वेळा. ते आपटणं आईला ऐकू आलं. तिने बोटांवर मोजलं.

पुढच्या वळणावर वॉचटॉवर होता. वर जायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

परत येताना बेटावरची खाजणं पाहिली. खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली ही शेतजमीन, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारं उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने बंद होतात, माणसाने हात लावायला नको. पावसाळ्यात खाऱ्याला टिकणारं कोरगुट भात आणि नंतर तिथेच मासे-कोळंबी. शतकानुशतकं गावकऱ्यांनी एकत्र राखलेली ही व्यवस्था आता बऱ्याच ठिकाणी फुटलेल्या बांधांमुळे खारफुटीखाली जातेय. बगळ्यांना त्याचं काही वाटत नसेल. मला वाटतं. खारफुटीही हवी आणि खाजणही हवं, आणि त्यांची हद्द ठरवणारा बांध दर वर्षी कुणीतरी मातीने लिंपायला हवा. मामाच्या गावात ते लिंपणारी माणसं आता साठीच्या पुढची आहेत.

दुपारी जेवून काणकोणकडे निघालो. फोंडा, मडगाव, मग करमल घाटाची वळणं. संध्याकाळ झाली तेव्हा काणकोणमधल्या चावडी गावाला पोचलो.

तिसरा दिवस : खोतीगाव

खोतीगाव अभयारण्य काणकोण तालुक्यात, गोव्याच्या दक्षिण टोकाला आहे. सुमारे ८६ चौरस किलोमीटर, १९६८ पासूनचं. पाळोळेचा गजबजलेला किनारा इथून गाडीने थोड्याच अंतरावर, तरी किनाऱ्यावरच्या गर्दीतले फार थोडे इकडे वळतात. फाटकापाशी माहिती केंद्र आणि राहायला साध्या खोल्या आहेत. आम्ही तिथेच उतरलो. आतला रस्ता अभयारण्यातल्या वाड्यांना जातो. वेळीप लोकांची घरं, भाताची खाचरं, कुळागरं (माडा-पोफळींच्या बागा) इथे आधीपासूनची आहेत.

रस्त्यापासून ठिकठिकाणी पायवाटा फुटतात. काही जेमतेम अर्धा किलोमीटर, काही पाचपर्यंत. आम्ही लहानातली लहान घेतली आणि ती पार करायला पावणेतीन तास लावले.

आईची चाल अशी : वीस पावलं, थांबा. काठीवर दोन्ही हात, श्वास, आजूबाजूला नजर. पुन्हा वीस पावलं. पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा पुढे निघून गेले आणि परत आले. मग तिच्या मागे चालायला लागले. रानात माणूस थांबला की पाच-सात मिनिटांनी पक्षी आपले व्यवहार सुरू करतात. चालत राहणाऱ्याला ते फक्त पाठमोरे दिसतात. आई गुडघ्यांसाठी थांबत होती आणि माझी वही भरत होती.

हे मुख्यतः पानझडीचं रान आहे, ओढ्यांच्या कडेला सदाहरित पट्टे. जानेवारीअखेर पानं गळायला लागलेली असतात. नाणा या झाडाची गुळगुळीत, फिकट खोडं लांबूनही ओळखता येतात. किंजळ होता. आणि माट्टी, आपला ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. त्याची साल चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. आईने त्या सालीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उन्हाळ्यात याला घाव घातला तर कधी पाणी गळतं. आमच्याकडचे गुराखी प्यायचे." काही ऐन खोडात खरंच पाणी साठवतात.

वाळक्या पानांवर माझी पावलं चरचर वाजत होती आणि तो आवाज मला नकोसा झाला होता. आईला तो ऐकूच येत नव्हता.

तिला काय ऐकू येत होतं, ते मी वहीत वेगळं लिहायला लागले. कुटुरगा : होय. भारद्वाजाचं खोल ऊप ऊप : होय, माझ्या आधी. सुताराचं खोडावरचं ठोकणं : होय. पाचू होल्याचं घुमणं, जे इतकं खालच्या सुरात असतं की मला ते छातीत जाणवतं आणि दिशा कळत नाही : होय, आणि तिने दिशाही सांगितली. शिंजीर : नाही. फुलटोच्या : नाही. नीलपंखी पोपटांची किंचाळी : "काहीतरी गेलं." नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे झाली होती. मी तिला सांगितलंच नाही. नंतर वाटलं, सांगायला हवं होतं.

साडेनऊच्या सुमारास ओढ्याकाठी एक मिश्र थवा आला. हिवाळ्यात किडे खाणारे वेगवेगळ्या जातींचे पक्षी असे एकत्र फिरतात. एकाने हुसकावलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकारी आला तर पाहायला डोळे जास्त. पुढे भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांची टोकं मागे गोंडे बांधल्यासारखी. हा थव्याचा पहारेकरी आणि नकलाकारही. त्याने सर्पगरुडाची शीळ काढली तेव्हा मी आभाळाकडे पाहिलं. मग स्वर्गीय नर्तक, पांढरा नर नाही, तांबूस मादी. आणि लाल कंठाचा, पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा बुलबुल, गोव्याचा राज्यपक्षी. तो फक्त पश्चिम घाटातच आढळतो. याखेरीज शेंड्याकडे बारीक चिवचिव करणारं बरंच काही होतं. माझी मान दुखेपर्यंत मी त्या चिवचिवीमागे फिरले. पानांत काहीतरी हलायचं, दुर्बीण लावेपर्यंत नाहीसं व्हायचं.

आई दगडावर बसली होती. तिने माझ्या ओढणीचं टोक ओढलं आणि हनुवटीने दाखवलं. डोळ्यांच्या पातळीवर, पंधरा-वीस फुटांवर, बारीक फांदीवर तपकिरी पाठीचा एक पक्षी ताठ बसला होता. अजिबात न हलता. शेपूट लांब, सरळ खाली. मी तिथून दोनदा गेले होते.

मलबार ट्रोगन. मराठी पुस्तकांत याला कर्णा म्हणतात. नर असेल तर पोट किरमिजी लाल, छातीवर पांढरा पट्टा, डोकं काळं. पण हा पक्षी माणूस दिसला की पाठ करून बसतो आणि पाठीवर लालाचा ठिपकाही नसतो, म्हणून तो समोर असून दिसत नाही. आम्ही हललो नाही. दोन-तीन मिनिटांनी त्याने मान वळवली, काळं डोकं, डोळ्याभोवती निळसर कडा, आणि मग एक किडा उचलायला झेपावला तेव्हा ते लाल पोट ओढ्याच्या सावलीतून आडवं गेलं. आईने तोंडावर हात धरला. सत्तरीच्या बाईने असा हात धरलेला मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

मी नंतर विचारलं, तुला कसा दिसला? ती म्हणाली, "तू वर बघत होतीस. मला वरचं काही ऐकू येत नव्हतं, मग मी समोर बघत बसले."

दुपारी खोलीत पडून राहिलो. संकष्टी होती, आईचा उपास. मामीने उकडलेले कणगीचे कंद, शेंगदाण्याचे लाडू आणि ताकाची बाटली बांधून दिली होती. चारनंतर गाडीने पाणवठ्याजवळच्या झाडावरल्या मचाणाकडे गेलो. त्याची शिडी उभी आहे, गुडघे बदललेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मी अर्ध्यावर चढून परत उतरले, कारण खाली आई एकटी आणि वर एकटं बसण्यात मला गोडी वाटेना. खालच्या खडकावर दोघी बसलो. गवे येतील अशी आशा होती. ताजं शेण होतं, खुरांचे ठसे होते, गवे नव्हते.

आले ते धनेश. आधी आवाज आला. धनेशांचे पंख उडताना वाजतात, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा धाप टाकल्याचा आवाज, आणि तो लांबून येतो. मी "ऐकतेस का" म्हणायच्या आत आई उठून उभी राहिली होती. मलबारी कवड्या धनेशांची जोडी, काळी-पांढरी, पिवळ्या चोचीवर मोठं शिंग, झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन काजऱ्याच्या झाडावर उतरली. काजऱ्याची बी माणसाला विष, तरी त्याची नारिंगी फळं धनेश खातात.

आमच्याकडे धनेशाला ककणेर म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून एकेक फळ भरवत राहतो. नर मेला तर ढोलीतलं सगळं घर उपाशी मरू शकतं. हे आईला माहीत होतं. त्यापुढचं तिने मला तिथे पहिल्यांदा सांगितलं. तिच्या आजीचे गुडघे धरले होते तेव्हा कुणीतरी ककणेराचं तेल आणून दिलं होतं. पक्षी मारून चरबी कढवलेली. आजीने ते महिनाभर चोळलं. गुडघे तसेच राहिले. "मी सात वर्षांची असेन. बाटलीत पिवळं काहीतरी होतं. त्याला वास यायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं की ते हे आहे." ती खाली बसली, दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, आणि जोडी उडून जाईपर्यंत तशीच बसून राहिली. मलाही त्यावर बोलण्यासारखं काही सुचलं नाही. सांध्यांच्या दुखण्यावर म्हणून धनेश मारले गेलेत, आणि त्या तेलाने कुणाचा सांधा सुटलेला नाही, एवढं इथे लिहून ठेवते.

रात्री नऊच्या सुमारास झाडांमागून चंद्र आला. आईने अंगणातूनच नमस्कार करून उपास सोडला. केंद्राच्या पलीकडून कुणीतरी लाकडावर लाकूड आपटावं तसा ठोक ठोक आवाज येत होता, सारख्या अंतराने. आई म्हणाली, "एवढ्या रात्री कोण काम करतंय?" रातवा होता. तो पक्षी आहे हे सांगितल्यावर ती खुर्ची ओढून बाहेर बसली आणि अंगावर शाल घेऊन साडेदहापर्यंत ऐकत राहिली.

चौथा दिवस : परत

सकाळी तीच वाट पुन्हा, ओढ्यापर्यंत. कर्णा नव्हता. शेकरू होतं, ऐनाच्या फांदीवर पसरून पडलेलं, शेपूट खाली सोडून. आणखी दोन जोडपी वाटेने आली, भराभर पुढे गेली आणि काही नाही म्हणत भराभर परत आली. आईने त्यांच्यातल्या मुलीला थांबवून शेकरू दाखवलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं : भडक नसलेल्या रंगांचे कपडे, पायात बंद बूट, पाणी भरपूर. सकाळी सातच्या आत वाटेवर असा, दहानंतर रान झोपतं. खायचं सोबत न्या. आणि पक्ष्यांना बोलवायला फोनवरून त्यांचेच आवाज लावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून पक्षी खाणं सोडून भांडायला येतो.

मडगावहून दुपारची गाडी मिळाली. आई खिडकीशी होती, वही तिच्या मांडीवर. तिने माझ्या यादीसमोर तिला ठाऊक असलेली मयेची नावं लिहिली होती, शाळेत शिकलेल्या सुवाच्य अक्षरात. नवरंगापुढे जागा मोकळी होती. तिने विचारलं, "हा कधी दिसला?" मी सांगितलं, दिसला नाही, पहाटे बोलला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कसा बोलला?" डब्यात गर्दी होती. मी तिच्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या खालच्या सुरात, ती दोन सुरांची शीळ घातली. मग पुन्हा एकदा.

तेवढ्यात करमळीचं तळं आलं. तिने काच वर केली.